दोन सूत तिरपं भोक

मित्रांनो, मी सुताराचं गिरमिट. वय विचाराल तर आपल्या जालना जिल्ह्याएवढं. दोघांचाही जन्म एक्याऐंशी सालचा. जिल्ह्याच्या जन्माचे पेढे वाटले गेले म्हणतात. माझ्या जन्माला एक बकरी हजर होती आणि तीही भात्याच्या आवाजाला घाबरून निघून गेली.

त्या साली शहागडच्या रस्त्यावर एका ट्रकची कमान तुटली आणि तुटलेला पाटा ड्रायव्हर तिथंच टाकून गेला. रस्त्याकडेला सिराजोद्दीन लोहाराची भट्टी होती. सिराजचाचांनी तो पाटा उचलला, तापवला, ठोकून सळई केली, सळईला पीळ दिला, टोकाला धार दिली आणि मला पाण्यात बुडवलं. मी ओरडलो. आमच्यात जन्मताना ओरडलं की पोलाद चांगलं निघालं असं समजतात.

तिथून अडीच कोसांवर आमचं गाव. तिथल्या पुंजाराम मिस्त्रीने मला नेलं आणि बाभळीची आडवी मूठ बसवली. मूठ दोन्ही हातांनी धरायची, अंगाचा भार द्यायचा आणि फिरवायचं. लाकडात गोल भोक पडतं. एवढंच माझं शिक्षण. एखादा माणूस सारखं डोकं खाऊ लागला की त्याने गिरमिट लावलं असं तुम्ही म्हणता. हा आमच्यावर अन्याय आहे. मी भोक पडलं की थांबतो.

पुंजारामाच्या पिशवीत करवत, रंधा, वाकस, पटाशी अशी बरीच मंडळी होती. करवतीला स्वतःच्या दातांचा गर्व होता. रंधा दिवसभर साली काढायचा आणि आपण लाकडाला सुंदर करतो असं समजायचा. मी बैलगाडीच्या साट्यांना भोकं पाडली, दारांच्या चौकटींना पाडली, पाळण्यांना पाडली. त्या पाळण्यांत झोपलेली पोरं पुढे मोठी झाली आणि पुण्याला गेली. त्यांना माझी आठवण असण्याचं कारण नाही.

पण माझं खरं काम तिफणीचं चाडं. ज्यांनी शेत फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं त्यांच्यासाठी सांगतो. तिफण म्हणजे पेरायचं औत. तिला तीन फण, तीन फणांवर तीन पोकळ नळ्या आणि तिन्ही नळ्यांच्या डोक्यावर एक लाकडी वाडगा. हा वाडगा म्हणजे चाडं. त्याच्या बुडाला त्रिकोणात तीन भोकं. पुढे गडी बैल हाकतो, मागून एक बाई ओटीत बियाणं घेऊन चालते आणि मुठीतून दाणे चाड्यात सोडत राहते. दाणे तीन भोकांत सारखे वाटले गेले तर शेतात तीन ओळी सारख्या उगवतात. एक भोक जरा जरी कललं, तर एक ओळ उपाशी राहते.

आमच्या गावात ही मूठ नंदाबाईची. बैल मागून मिळायचे, पण नंदाबाई मिळायला आठ दिवस आधी सांगावं लागायचं. तिचं घरचं दीड एकर, बाकी दुसऱ्यांच्या रानात पेरणी. तिच्या बोटांतून दाणे निघायचे ते मोजून दिल्यासारखे. पेरणी संपली की मालक तिला अर्ध्या दिवसाची मजुरी जास्तीची धरायचे. आमच्या गावात मोठ्या शेतकऱ्याने काही जास्तीचं धरणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही.

अशी दहा-बारा वर्षं सगळं बराबर चाललं. मग माझ्या धन्याचे, पुंजारामाचे, डोळे जायला लागले.

डोळे काही एकदम गेले नाहीत. आधी त्याला सुईत दोरा ओवता येईना. मग कोळशाने मारलेली रेघ दिसेना. पण ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. एकदा अंगणात दाराची चौकट उभी करून ठेवली होती. धनी मान वर करून तिला म्हणाला, "या रामराव, बसा."

द्वारकाबाई, म्हणजे त्याची बायको, धान्य निवडत होती. ती म्हणाली, "चौकट हाय ती. रामराव जरा रुंद हायेत."

"उन्हानं डोळे दिपले."

"सांज झाली की वो. कोणतं ऊन?"

"तू तुझं निवड."

"म्या निवडूनच राह्यले. खडे मला दिसतेत."

आंधळ्या सुताराकडे कोण लाकूड टाकतं, हा त्याच्या मनातला हिशेब मला त्याच्या तळहातांतून कळत होता. तो मूठ आता पहिल्यापेक्षा घट्ट धरायचा.

मग चौऱ्याण्णवचा भाद्रपद आला. रामराव खरेच आले. गावाबाहेर त्यांची पाच एकरांची काळी पट्टी. रब्बीच्या ज्वारीला त्यांना नवी तिफण पाहिजे होती.

"मिस्त्री, आठ दिवसांत पाहिजे. रान वाफशावर आलंय, ओल हाय तवर पेरायचंय," रामराव म्हणाले.

"होऊन जाईल," धनी म्हणाला.

जुन्या बाभळीच्या ओंडक्यातून त्याने चाडं कोरलं. पहिलं भोक मी सरळ पाडलं. दुसरंही पाडलं. तिसऱ्याच्या खुणेवर त्याने अंगठा फिरवला. खूण कोळशाची होती. कोळसा बोटाला लागतो, पण बोटाला दिसत नाही. त्याने अंदाजाने मला टेकवलं आणि भार दिला.

मी कलतोय हे मला पहिल्याच फेऱ्यात कळलं. लाकूड एका अंगाने जास्त चावत होतं. धनी थांबला. त्याच्या मनगटालाही कळलं होतं. तेवढ्यात मला बाहेर काढून तो ओंडका चुलीला दिला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मला तुमच्याशी बोलायला काही राहिलं नसतं. पण दुसरा ओंडका आणायचा, पुन्हा कोरायचा, आठ दिवसांत कसं व्हायचं, आणि का फेकलं असं रामरावांनी विचारलं तर काय सांगायचं? त्याने दम घेतला आणि मला फिरवत राहिला. भोक दोन सूत तिरपं गेलं. सुताराच्या मापात आठ सुतांचा एक इंच होतो. म्हणजे पाव इंच. वरून पटाशीने कड गोल केली की दिसण्यासारखं काही उरलं नाही.

पेरणी झाली. नंदाबाईच चाड्यावर होती. आठव्या दिवशी ज्वारी वर आली. चार ओळी भरगच्च आणि दोन ओळी टक्कल पडल्यासारख्या, पुन्हा चार भरगच्च आणि दोन टक्कल. तिफण एकदा जाते आणि एकदा परत येते, त्यामुळे उपाशी ओळी शेजारी शेजारी पडल्या होत्या. अख्ख्या पट्टीत असंच. हाताची चूक इतकी शिस्तीची कशी, हे गावात कोणी विचारलं नाही. बाईचा हात चुकला म्हटलं की पुढचा विचार करायची गरज उरत नाही.

भुजंगच्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी हाच विषय. मी धन्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो.

"नंदाबाईची मूठ गेली," रामराव म्हणाले. "पाच एकरात दीड एकर मोकळं. आता नांग्या भरायला बाया लावा, मोकळ्या जागी एकेक दाणा टोचत बसा."

"चित्त थाऱ्यावर नसंल तिचं," भुजंग बशीत चहा ओतत म्हणाला. "मागच्या महिन्यात पोरीची सोयरीक मोडली न्हाई का?"

"सोयरिकीचा अन् ज्वारीचा काय संबंध?"

"मंग मुठीला दुसरं काय होतंय? मिस्त्री, तुमी सांगा. तिफणीत तर काही न्हाई ना?"

धन्याने चहाचा घोट घेतला. घोट मोठा होता. चहा कढत होता. "तिफणीला काय होतंय," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हा अवजारांची एक सोय आहे, आम्हाला साक्षीला बोलावत नाहीत. त्या दिवशी मला ती सोय नकोशी झाली.

चार दिवसांत नंदाबाईला तीन ठिकाणांहून निरोप आले. हरभरा पेरायला येऊ नको, घरच्याच बाया आहेत. घरच्या बायांना आयुष्यात कधी चाड्यावर हात धरायला दिला नव्हता. आता अचानक त्या घरच्या झाल्या.

पाचव्या दिवशी नंदाबाई आमच्या अंगणात आली. धनी जू तासत होता. ती उभीच राहिली.

"मिस्त्रीदादा, एक इचारू का?"

"इचार की."

"माझी मूठ बिघडली का हो? तुमी लई वर्सं बघून राह्यले."

त्याच्या हातातला वाकस थांबला. मी शेजारी पडलो होतो. माझ्या पिळात अजून त्या बाभळीचा भुसा होता.

"वय झालं म्हंजे होतं एखांद्या वेळेस," धनी म्हणाला.

तिचं वय एकोणचाळीस. त्याचं एकसष्ट.

"बरं," ती म्हणाली. पदर खोचला आणि निघून गेली.

द्वारकाबाई दारात होती. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण ताट सरकवताना ते जरा जोरात सरकलं.

दुसऱ्या दिवशी धन्याने मला उचललं आणि चालत शहागडला नेलं. सिराजचाचा भट्टीवर होते.

"धार बघ याची," धनी म्हणाला. "कलून राह्यलंय."

चाचांनी मला उलटंपालटं केलं, नखावर धार घासली. मग एक फळी घेतली आणि माझ्या अंगाने भोक पाडलं. सरळ. दुसरं पाडलं. तेही सरळ. त्यांनी फळी धन्यासमोर धरली. "सीधा जाता है ना. देख लो."

धन्याने फळी हातात घेतली आणि भोकात बोट घालून चाचपलं.

चाचांनी हातातली सांडशी खाली ठेवली. "मिस्त्री, दिकता नै क्या?"

धनी अजून भोकच चाचपत होता.

"कब से?"

"दोन वर्सं."

"और किसी को बोले नै?"

"कोणाला बोलू?"

"जिसका नुसकान हुआ उसको. और किसको, तहसीलदार को?" चाचांनी मला त्याच्या पिशवीत घातलं. "इस बिचारे को काहे को बदनाम करते. इसमें कुच ऐब नै."

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. पण मला ते घेऊन आनंद झाला नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्या गावची रीत अशी की वर्षात ज्याने नवं औत करून घेतलं असेल, त्याने ते त्या दिवशी मिस्त्रीच्या अंगणात आणायचं. आम्हा अवजारांना धुऊन, तेल लावून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात आणि औतासोबत आमची पूजा होते. त्या दिवशी आम्हाला सुट्टी. कितीही अडलं तरी आम्हाला लाकडाला लावत नाहीत. रामराव तिफण घेऊन आले. भुजंग आला, आणखी दहा-बारा माणसं आली. धन्याने द्वारकाबाईला सांगून नंदाबाईला बोलावून घेतलं. ती ओट्याच्या कडेला, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी बसली.

नारळ फोडायच्या आधी धनी उभा राहिला.

"एक सांगायचंय. रामरावच्या ज्वारीत जे झालं ते नंदाबाईमुळं न्हाई झालं. माझं चाडं तिरपं हाय."

मग रामराव हसले. "मिस्त्री, तुमचा मोठेपणा हाय हा. बाईमाणसाचं नाव जाऊ नये म्हणून सोतावर घेऊन राह्यले."

"लई मोठं मन," कोणीतरी म्हणालं.

"अशी माणसं न्हाई राह्यली आता," भुजंग म्हणाला.

मित्रांनो, माणसाने खोटं बोलल्यावर गावाचा विश्वास बसतो, हे मी चहाच्या हॉटेलात पाहिलं होतं. खरं बोलल्यावर काय होतं, ते त्या दिवशी पाहिलं. धन्याची कीर्ती दोन मिनिटांत वाढली आणि नंदाबाई आणखी खोल गेली. आता तर ती दया करण्यासारखी झाली होती.

धनी गोंधळला. त्याने तिफणीवरून चाडं सोडवलं. "द्वारके, तीन पेले आण. एकसारखे."

चाडं दोन विटांवर ठेवलं. प्रत्येक भोकाखाली एक पेला. "नंदाबाई, ये. सोड मूठ."

ती आली. ओटीत ज्वारी घेतली आणि सोडायला लागली. चार-पाच मुठी झाल्यावर बघितलं, तर दोन पेले भरत आलेले आणि तिसरा निम्म्याच्या खाली.

"घ्या," रामराव म्हणाले. "हात तिचाच हाय ना?"

"मंग तुमी सोडा," द्वारकाबाई म्हणाली.

पेले रिकामे करून रामरावांनी मूठ सोडून पाहिली. तिसरा पेला पुन्हा उणा.

"त्याहिला सवय न्हाई," भुजंग म्हणाला.

आता धन्याकडे पुढचं काही नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी जिथं असेन असं त्याला वाटत होतं तिथं बघत होता. तेवढ्यात नंदाबाई म्हणाली, "फिरवा की ते."

"काय?"

"चाडं फिरवा. पेले जागच्या जागी राहू द्या."

तिनेच पेले रिकामे केले, दोन्ही हातांनी चाडं एक भोक पुढे फिरवलं आणि मुठी सोडल्या. आता उणा पेला रामरावांच्या पुढ्यातला. आणखी एक भोक फिरवलं. उणा पेला भुजंगच्या पायाशी. मूठ तीच, बाई तीच, उणेपणा मात्र भोकाबरोबर फिरत होता.

भुजंगने आपल्या पायाशी असलेला पेला उचलून त्यात बघितलं आणि खाली ठेवला. "माझ्याकडं काय बघता? म्या काय केलं?"

"मला दिसत न्हाई," धनी म्हणाला. "दोन वर्सं झाली. भोक पाडतानीच हाताला कळलं व्हतं. तरी दिलं."

मग नारळ फुटला. रामरावांनी खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा नंदाबाईच्या हातावर ठेवला. आमच्या गावात मोठी माणसं माफी अशीच मागतात, आणि ज्याला मिळते त्याने ती चावून खायची असते. तिने तुकडा घेतला आणि पदराला बांधला. खाल्ला नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गावाने पुंजारामाला खरा माणूस म्हणून मान दिला आणि काम देणं बंद केलं. रामरावांनी पुढच्या हंगामात जालन्याहून लोखंडी पेरणीयंत्र आणलं. ते ट्रॅक्टरला जोडायचं. त्याला चाडं कोरणारा लागत नव्हता आणि चाड्यावर मूठ धरणारीही लागत नव्हती. एकाची चूक सिद्ध झाली, दुसरीची मूठ निर्दोष ठरली आणि दोघंही एकाच दिवशी मोकळे झाले. द्वारकाबाईने धन्याला अंबडला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते हे, की अंगणात एकही लाकूड पडलेलं नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात एके सकाळी नंदाबाई डोक्यावर बाभळीचा ओंडका घेऊन आली आणि तिने तो धन्यासमोर टाकला.

"चाडं पाहिजे. माझ्या दीड एकराला."

"आता यंत्र हायेत बाई."

"माझ्या बांधावर ट्रॅक्टर वळत न्हाई. करून द्या."

"माझ्या हातचं घेशील?"

"दुसऱ्या कोणाचा हात हाय गावात?"

त्याने कोरायला सुरुवात केली. चष्म्यातून खूण दिसत होती. दोन भोकं झाली. तिसऱ्याला मला टेकवलं, पण भार दिला नाही. डोळे परत आले होते, पण हातांचा स्वतःवरचा भरवसा परत आला नव्हता. त्याला तसलं ऑपरेशन नसतं. त्याने मला उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं.

"नंदाबाई," तो मान खाली घालूनच म्हणाला, "तू इचारायला आल्ती तव्हा म्या खोटं बोललो."

"म्हाईत हाय."

"तव्हाच?"

"पेरतानीच. एका नळीत दाणा कमी वाजत व्हता. त्या दिवशी म्या इचारायला आल्ते व्हय? तुमी सोताहून सांगताव का, ते ऐकायला आल्ते."

धन्याने चष्मा काढला, पुसला, लावला. बराच वेळ लागला त्याला.

नंदाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. एक डोळा मिटून तिने माझ्या अंगाकडे रोखून बघितलं. "फिरवा. डावीकडं घ्या. आणखी जरा. हां. आता थांबू नका."

मी उतरलो. लाकूड दोन्ही अंगांनी सारखं चावत होतं.

ते माझं शेवटचं चाडं. आता धनी नाही. द्वारकाबाई वर्षातून एकदा मला करडीचं तेल लावते आणि खुंटीला अडकवते. मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. बाकीचे म्हणतात, आम्हाला गंजू देऊ नका. गंजाचं मला फारसं वाटत नाही, लोखंडाला तो लागतोच. माझं मागणं एवढंच. उद्या कुठं एखादी ओळ विरळ उगवली, तर ज्या बाईचं नाव पहिल्यांदा तोंडावर येईल ते गिळा आणि आधी चाडं फिरवून बघा. आणि कधी माझ्यासारखं काही तुमच्या हातात असताना ते कलतंय असं मनगटाला कळलं, तर तिथंच थांबा, ते बाहेर काढा. लाकूड फुकट जाईल. जाऊ द्या.